कामापलीकडे गेलेला हात

टाच घासायला खडबडीत काहीतरी लागते. नदीकाठचा दगड चालतो, भाजक्या विटेचा तुकडा चालतो, वाळलेल्या घोसाळ्याची जाळीसुद्धा चालते. पूर्वीच्या बऱ्या परिस्थितीच्या घरांत या कामासाठी पितळेची वज्री असे. तळहातात मावेल एवढी आणि खालच्या अंगाला चौकड्या पाडून खरबरीत केलेली. काम म्हणून पाहिले तर वस्तू इथेच पुरी होते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मांडलेल्या वज्र्या मात्र इथे थांबलेल्या नाहीत. कुणाच्या पाठीवर पोपट बसले आहेत, कुणाच्या मोर, कुणाच्या हत्ती. काही वज्र्या आतून पोकळ असतात आणि त्या पोकळीत खडे टाकलेले असतात, म्हणजे टाच घासताना छुमछुम व्हावी.

न्हाणीघर ही घरातली सर्वांत आडोशाची जागा. पाणी, धूर, अंधार आणि एकटी बाई. तिथे हा मोर पाहणार कोण? या प्रश्नापाशी मी पहिल्यांदा अडखळलो आणि संग्रहालयाच्या उरलेल्या दालनांत तोच प्रश्न घेऊन फिरलो. वज्रीकडे जरा वेळ पाहत राहिले की उत्तराचा एक धागा सापडतो. दोन पक्षी समोरासमोर बसवून त्यांच्या चोची जुळवल्या की मधे कमान तयार होते, आणि त्या कमानीत ओले बोट नेमके अडकते. शेपटी मागे झुकवली की तळहाताला टेकू मिळतो. पक्ष्याची पाठ गुळगुळीत ठेवली आहे, कारण हात तेलकट असणार आणि टोक रुतायला नको. म्हणजे मोर नुसता वर बसवलेला नाही, मूठच मोर झाली आहे. घडवणाऱ्या ओताऱ्याने मेणात आकार करताना त्या ओल्या हाताचा विचार केला होता. पण मुठीसाठी साधी कडी पुरली असती, हेही तितकेच खरे. काम भागल्यावरही त्याचा हात थांबला नाही, आणि मला या संग्रहालयात पाहावेसे वाटते ते तेवढेच, तो न थांबलेला हात.

हे पाहण्याची नजर ज्यांच्याकडून मिळाली ते दिनकर गंगाधर केळकर. जन्म 1896, मृत्यू 1990. घरचा धंदा चष्म्यांचा, आणि मराठी कवितेत त्यांचे नाव ‘अज्ञातवासी’. 1920 च्या आसपास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली आणि जवळजवळ चार दशकांत, 1960 पर्यंत, संग्रह 15,000 च्या घरात गेला. पत्नी कमलाबाई या खटाटोपात त्यांच्या बरोबरीने होत्या. एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने हा सगळा संग्रह उभा राहिला आणि 1975 मध्ये केळकरांनी तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याला लागून असलेल्या नातूबागेतली राजस्थानी धाटणीची ती इमारत पुणेकरांना परिचयाची आहे. शाळेच्या सहलीत ती बहुतेकांनी पाहिलेली असते, आणि सहलीत पाहिलेल्या जागेकडे मोठेपणी पुन्हा वळायचे राहून जाते.

केळकरांनी कोणत्या काळात जमवले हे लक्षात घेतले पाहिजे. त्या चाळीस वर्षांत महाराष्ट्रातल्या घरांची आतली बाजू पार बदलली. विजेचा दिवा आला आणि समया माळ्यावर गेल्या. पुढे स्टेनलेस स्टील आले आणि तांब्यापितळेची भांडी मोडीत निघाली. मोडीत म्हणजे वजनावर. कासार तराजूत टाकतो, आकाराला किंमत शून्य, धातूला काय असेल ती. संस्थाने विलीन झाली, इनामे गेली, कूळकायदा आला आणि वाडे चालवणे मालकांना जड झाले. 1961 च्या पानशेतच्या पुरात पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे एका दिवसात बसले. तराजू आणि भट्टी यांच्या मधल्या अरुंद फटीत केळकर उभे होते. त्यांच्या हाती लागले नसते, तर यातल्या पुष्कळ वस्तू वितळून दुसरे काहीतरी झाल्या असत्या.

पण वाचवणे ही झाली एक गोष्ट. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची निवड. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयामागेही एकाच माणसाचा, तिसऱ्या सालारजंगांचा, मोठा ध्यास आहे. तिथे इटालियन शिल्पकार बेंझोनीची बुरख्यातली रिबेका आहे, देशोदेशींची घड्याळे, चिनी मातीची भांडी, हस्तिदंत आहे. नबाबाच्या ऐपतीने जगातले उत्तम ते वेचले. केळकरांनी अडकित्ते वेचले. एक उत्कृष्ट अडकित्ता निवडून त्यांचे समाधान झाले नाही. मिळेल तो, मिळेल त्या प्रांतातला, मिळेल त्या घाटाचा अडकित्ता ते घेत गेले. दिव्यांचे तेच, फण्यांचे तेच, कुलपांचे, दौतींचे, पानाच्या डब्यांचे तेच. त्यांनी सुटी वस्तू जमवली नाही, वस्तूची अख्खी जात जमवली. जात्यावर बसलेल्या बायकांच्या ओव्या ऐकाव्यात तसे होते. चाल एकच, दळण एकच, पण प्रत्येकीची ओवी निराळी. एकच ओवी ऐकणाऱ्याला चाल आणि ओवी यांतला फरक कळत नाही. शंभर ऐकल्या की ठरलेले काय आणि सुचलेले काय हे कानाला आपोआप उमगते.

अडकित्त्यात ठरलेले काय? एका टोकाला बिजागरी, दोन हात, त्यांतल्या एकाला लोखंडी पाते, मधे सुपारी. तरफेचा साधा नियम: सुपारी बिजागरीजवळ, जोर दुसऱ्या टोकाला. धार लोखंडाचीच हवी, अंग मात्र पितळेचे चालते. म्हणजे कारागिराला मोकळीक उरते ती दोन हातांच्या आकारात आणि बिजागरीच्या डोक्यावर. एवढ्या चिंचोळ्या जागेत काय काय घडते ते पाहण्यासारखे आहे. एखाद्याचा घोडा होतो. दुसऱ्याचे दोन हात म्हणजे दोन पोपट. आणि ज्यांच्यापुढे पाहणारे हमखास रेंगाळतात ती स्त्रीपुरुषांची जोडपी. अडकित्ता उघडला की दोघे दूर, मिटला की एकमेकांच्या मिठीत. इथे कारागिराने नुसते शिल्प केलेले नाही. वस्तूच्या हालचालीलाच त्याने अर्थ दिला आहे. प्रत्येक खांडामागे एक विरह आणि एक भेट. जेवण झालेले आहे, बैठक जमली आहे, तबक फिरते आहे आणि गप्पांत मुरलेल्या माणसाच्या हातात हे चालले आहे. शृंगार इतक्या सहजपणे रोजच्या हातात खेळवणाऱ्या समाजाला आपण सोवळा समजत आलो. तो समज इथे तपासून पाहावा.

मात्र काचेआडचा अडकित्ता कायम उघडा किंवा कायम मिटलेला असतो. त्यामुळे पाहणाऱ्याने थोडे काम स्वतः करायचे आहे. मनातल्या मनात तो हातात घेऊन मिटायचा. या संग्रहालयातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूला हे लागू आहे.

फण्यांपुढे मी सर्वांत जास्त वेळ असतो. फणीत ठरलेले अडकित्त्याहूनही जास्त, कारण दाते असे हवेत की केस तुटू नयेत आणि उवा-लिखा मात्र निघाव्यात. दोन्ही बाजूंना दाते, एकीकडे दाट, एकीकडे विरळ, आणि मधे दोन-तीन बोटे रुंदीची पट्टी. मोकळीक मिळते ती या पट्टीत. त्या पट्टीत नक्षी येते, वेल येते, पक्षी येतात, देवदेवता येतात. काही धातूच्या फण्यांची घडण त्याहून चतुर आहे. त्यांचे अंग पोकळ असते, त्यात तेल भरायचे आणि विंचरता विंचरता ते दात्यांतून केसांच्या मुळाशी उतरायचे. त्या पोकळीला बूच हवे, म्हणून बुचावर पक्षी. पक्षी हवा म्हणून बूच केलेले नाही. ही क्रम ओळखण्याची सवय लागली की बघण्यात खरी गंमत येते: आधी गरज कुठे होती आणि तिथून कल्पनेने कुठे उडी घेतली. ज्या वस्तूत ती उडी नाही, नुसतीच नक्षी थापली आहे, ती वस्तू कितीही महाग असली तरी डोळा तिच्यावरून घसरतो. हस्तिदंताच्या काही अतिनाजूक कामांबद्दल माझे असे झाले. कौतुक वाटले, जवळीक वाटली नाही.

वज्री, फणी, कुंकवाची कोयरी, काजळाची डबी, आरसा, पानपुडा, विळी, सोऱ्या, रवी. ही यादी उलटी वाचली की दिसते, यातल्या बहुतेक वस्तू बायकांच्या हातातल्या आहेत. आपल्याकडची बरीच संग्रहालये तलवारी, नाणी, ताम्रपट आणि राजांची चित्रे यांनी भरलेली. इथेही शस्त्रे आहेत, चिलखते आहेत, पण ती या घरात पाहुण्यासारखी वाटतात. घराची मालकीण दुसरी आहे. इतिहासाच्या पुस्तकात जिचे नाव येत नाही, तिचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस या कपाटांत लावून ठेवलेला आहे. अर्थात तो सगळ्याच बायकांचा दिवस नाही. पितळेचे हत्ती ज्यांच्या न्हाणीघरात होते ती घरे मोजकी. मडके, परडी, सूप, घोंगडी यांवर ज्यांचा संसार झाला त्यांच्या वस्तू झिजून, फुटून, कुजून गेल्या. पितळ टिकले म्हणून पितळवाल्यांचा दिवस टिकला. हे मनाशी ठेवूनच इथले वैभव पाहावे.

स्वयंपाकघरातल्या भांड्यांपाशी थोडे बसून पाहावे, शब्दशः. विळीकडे उभ्याने पाहिले तर ते एक पाते लावलेले पाटाचे लाकूड दिसते. तिचा उपयोग जमिनीवर, एक गुडघा उभा करून, पाट पायाखाली दाबून होत असे. तिची सारी ठेवण त्या बैठकीतून आलेली आहे. काचेच्या कपाटाने वस्तू डोळ्यांच्या उंचीवर आणल्या, पण त्या घडल्या होत्या मांडी घातलेल्या माणसासाठी. वाकून, शक्य तिथे उकिडवे बसून पाहिले की कडा, कान, काठ यांची वळणे का तशी आहेत ते कळते. आणि पितळेची झळाळी पाहताना आतली बाजू विसरू नये. चिंच-आमसूल घातलेली आमटी उघड्या पितळेत कळकते, म्हणून आतून कथलाचा पांढरा लेप, कल्हई. ती झिजली की कल्हईवाला येई, भाता लागे, नवसागराचा धूर डोळ्यांत जाई. बाहेरचे सोनेरी रूप पाहुण्यांसाठी आणि आतली चांदीसारखी बाजू जेवणाऱ्यांसाठी. भांड्याच्या सौंदर्यात ही दुसरी बाजूही धरली पाहिजे.

आता दिवे. केळकरांचा खरा जीव दिव्यांत होता असे त्यांच्या संग्रहावरून वाटते, आणि भारतीय दिव्यांवर त्यांनी पुस्तकही केले. समई, निरांजन, पंचारती, लामणदिवा, दीपलक्ष्मी, निरनिराळ्या प्रांतांतून आलेले, लहानमोठे. समईचे शहाणपण तिच्या जोडणीत आहे. बैठक, दांडा, तबकडी आणि शेंडा आट्यांनी एकमेकांत बसतात, सुटे करून घासता येतात, कारण तेलाची किटणे काढणे हेच समईचे रोजचे दुखणे. शेंड्यावर हंस किंवा मोर का? समई उचलताना वरून धरता आली पाहिजे. पुन्हा तीच मूठ, पुन्हा तोच पक्षी.

दीपलक्ष्मीची गोष्ट निराळी. दोन्ही हातांत दिवा धरून उभी असलेली धातूची स्त्री. दिव्याच्या प्रकाशात अशा मूर्ती पाहिल्या नसतील तर त्या थोड्या ठोकळेबाज वाटतात. डोळे फार मोठे, नाक धारदार, ओठ जाड, गालांची गोलाई ढोबळ. वरून पडणाऱ्या दिवाणखान्यातल्या उजेडात मी त्यांना बराच काळ तशाच समजत होतो. पण ज्योत कुठे आहे ते पाहा. ती तिच्या छातीसमोर, हनुवटीच्या खाली आहे. उजेड खालून वर जाणार. वरच्या पापणीची कड, नाकपुडी, ओठांचा खालचा काठ एवढ्यालाच तो भिडणार, आणि ज्योत हलली की या कडांवरच्या सावल्याही हलणार. नाजूक, बारीक कोरलेला चेहरा त्या हलत्या उजेडात पुसून गेला असता. ढोबळ चेहरा मात्र जिवंत होतो. पाहता पाहता भाव बदलतो, डोळे उघडमीट केल्यासारखे वाटतात. कारागिराने मूर्तीचा निम्माच भाग धातूत केला आणि उरलेला ज्योतीवर सोपवला. माझ्या लेखी हे या संग्रहातले सर्वांत मोठे कलाकौशल्य आहे, आणि काचेआड ते निम्मेच दिसते.

हीच किल्ली चित्रकथींना लागते. केळकरांच्या संग्रहातली चित्रकथी चित्रे हा वेगळ्या लेखाचा विषय. गावोगाव फिरून रामायण-महाभारतातल्या कथा सांगणाऱ्यांची ही चित्रे. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही परंपरा जपली आणि ती आजही तिथे आहे. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, म्हणजे एक बाजू दाखवून झाली की पान उलटायचे आणि कथा पुढे. चेहरे बाजूने पाहिलेले, डोळा मात्र टपोरा, जवळजवळ अर्धा गाल व्यापणारा. रंग सपाट, रेघ जाड आणि निश्चयी, पार्श्वभूमी नाममात्र. चित्रकलेच्या वर्गात बसून या चित्रांकडे पाहिले तर शरीररचनेच्या चुका मोजता येतील. पण ही चित्रे भिंतीवर लावायची नव्हती. रात्री, तेलाच्या दिव्याच्या उजेडात, वीणा-टाळांच्या साथीने, समोर जमिनीवर बसलेल्या गावाला ती काही पळ दाखवायची होती. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही हा भीम आणि ही द्रौपदी एवढे कळले पाहिजे. म्हणून डोळा मोठा, म्हणून हातांचे हावभाव स्पष्ट, म्हणून एका पानावर एकच प्रसंग. या चित्रांतला बारीक तपशील निवेदकाच्या आवाजात होता. चित्राने आवाजासाठी जागा सोडली आहे, आणि ती सोडलेली जागा ओळखली की साध्या दिसणाऱ्या पानातला संयम लक्षात येतो.

वाद्यांच्या दालनातून मी लवकर बाहेर पडतो. मोराच्या आकाराचे तंतुवाद्य पाहून सगळे थांबतात, पण वाद्याचा रस कानाचा. मुके वाद्य पाहताना मला अपुरे वाटते. शस्त्रांपाशीही मी फार थांबत नाही.

मस्तानी महालाबद्दल बोलले पाहिजे, कारण अनेक जण तेवढ्यासाठीच येतात. पहिल्या बाजीरावाने मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष आणून केळकरांनी इथे एक दालन पुन्हा उभे केले. सुरूदार लाकडी खांब, त्यांना जोडणाऱ्या कमानी, छत, झुंबरे. 1740 मध्ये बाजीराव गेले आणि त्याच वर्षी मस्तानीही. त्या कथेचा भार या खोलीवर इतका आहे की लाकूड पाहायला डोळे मोकळे राहत नाहीत. थोडा वेळ कथा बाजूला ठेवावी आणि खांबांकडे पाहावे. तळाशी कमळाच्या पाकळ्यांचा उसळता भाग, मधे सुरूच्या झाडासारखा वर निमुळता होत जाणारा दांडा, डोक्याला पुन्हा पाने. पेशवाईतल्या वाड्यांत हा खांब सर्वत्र दिसतो, पण बहुधा चौकाच्या उघड्या उजेडात, गर्दीत. इथे तो जवळून, खालपासून वरपर्यंत एका नजरेत दिसतो. छताचे वजन पेलणारे लाकूड जमिनीपाशी फुलते आणि वर जाताना हलके होते. भार खाली येतो आहे हे आपल्याला बुद्धीने ठाऊक असते, आणि डोळ्याला मात्र खांब उगवताना दिसतो. त्या सुताराचे नाव कुठे नोंदलेले नाही. मस्तानीच्या नावाने येणाऱ्यांनी दोन मिनिटे त्याच्यासाठी दिली तर बरे.

या संग्रहात आज 20,000 हून अधिक वस्तू आहेत आणि त्यांतल्या सुमारे 2,500 पाहायला मांडलेल्या. इमारत जुनी, जागा तोकडी, हे समजण्यासारखे आहे. पण केळकरांनी जात जमवली असे मी म्हणतो ते खरे असेल, तर निवडक नमुने मांडून त्यांची पद्धत पुरती दिसणार नाही. निवड केली की उत्तम तेवढे राहते, आणि ज्याच्या शेजारी ठेवल्याने उत्तम कळते ते साधे, कच्चे, फसलेले आत कोठीत जाते. एखादे दालन मोकळे करून वर्षभर एकाच प्रकारच्या सगळ्या वस्तू तिथे मांडाव्यात, चांगल्या-वाईट न निवडता, अशी माझी मनापासून इच्छा आहे. सुरुवात दौतींपासून व्हावी. दौतीत ठरलेले फारच थोडे: तोंड लहान हवे म्हणजे शाई सुकणार नाही, बूड जड हवे म्हणजे उलटणार नाही, आणि फिरत्या कारकुनाची असेल तर कलमदानाला जोडून कमरेला खोचता यावी. बाकी सगळे मोकळे. मंदिराचा कळस, घुमट, फळ, पाखरू, काय वाटेल ते. अशा सगळ्या दौती एका ओळीत लागल्या की कोणत्या ओताऱ्याने मागच्याची नक्कल केली, कोण कंटाळला आणि कोणाला मधेच काहीतरी नवे सुचले, हे वाचायला मी वही घेऊन जाणार आहे.